नाशिकच्या वेशीबाहेरच्या पायवाटा

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर अगदी छतालगत, ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी आहेत. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्या कोरवून घेतल्या. राजघराण्यातल्या माणसाने आपल्या दानांची यादी दगडात लिहावी यात नवल नाही. तीन लाख गाई, सोळा गावे असे सगळे तिथे आहेच. चालणाऱ्या माणसाने थांबून वाचावा असा भाग त्यापुढचा आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी चौसोपी निवारे बांधले. बागा लावल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. तापी, पारदा, दमणा, डहाणुका अशा नद्यांवर पैसे न घेता पैलतीरी नेणाऱ्या नावा ठेवल्या आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या.

यातले भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर आणि शूर्पारक म्हणजे नालासोपारा. गोवर्धन शोधायला लांब जावे लागत नाही. नाशिकहून गंगापूर धरणाकडे निघाले की त्या नावाचे गाव आजही लागते. लेण्यांचा डोंगर त्या काळी त्रिरश्मी म्हणून ओळखला जाई आणि लेखांत त्याचा पत्ता ‘गोवर्धनातला’ असा दिलेला आहे. शहराबाहेर बाग, तळे आणि चालणाऱ्याची सोय यांचा एकत्र विचार झाल्याचा नाशिक परिसरातला हा बहुधा सर्वात जुना लेखी पुरावा.

आज रविवारी पहाटे पांडवलेणे, चांभारलेणी, रामशेज, अंजनेरी किंवा गंगापूरच्या जलाशयाच्या कडेने जे नाशिककर चालतात, त्यांच्या पायाखालची एकही वाट मुळात फिरण्यासाठी तयार झालेली नाही. कुणी भिक्षेला उतरत होते, कुणी फेरी घालत होते, कुणी गडावर धान्य चढवत होते, तर कुणी पाट किती भरून वाहतो आहे ते बघायला जात होते. वाट पडली ती अशा कामातून. ती टिकली मात्र तिथेच, जिथे कुणीतरी पाणी राखले आणि सावली राखली. नाशिकच्या पायवाटांचा इतिहास म्हणजे बराचसा या राखणदारीचा इतिहास आहे.

त्रिरश्मी डोंगरावर ते डोळ्यांना दिसते. इथे चोवीस लेणी आहेत. सातवाहन राजा कृष्ण याच्या काळातले लेणे सर्वात जुने, म्हणजे इसवी सनापूर्वीचे. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या कारकिर्दीत दान दिले. बहुतेक लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारच्या उन्हाची तिरीप आत येत नाही. लेण्यांच्या कडेला कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. तोंड लहान, आत पोट मोठे, वर कातळाचे छत. पावसाचे पाणी डोंगराच्या अंगावरून चरांतून वाहत येऊन आत साठायचे आणि ऊन लागत नसल्याने उन्हाळ्यातही तग धरायचे. उषवदाताच्या लेखातही लेणे आणि पोढ्या यांचा उल्लेख एकत्रच येतो. राहायची जागा आणि पिण्याचे पाणी ही त्याच्या दृष्टीने दोन वेगळी दाने नव्हती.

आणखी एक तपशील मोलाचा आहे. पुळुमावीच्या काळातल्या लेखात लेण्यांच्या खर्चासाठी गावे नेमून दिली आहेत आणि त्या गावांचा पत्ता रस्त्यांवरून सांगितला आहे. सुदिसण हे गाव गोवर्धन आहारात, म्हणजे त्या काळच्या प्रशासकीय विभागात, दक्षिणेच्या मार्गावर, तर त्याच्या बदल्यात दिलेले सामलिपद पूर्वेच्या मार्गावर. म्हणजे नाशिकच्या आसपासचे मार्ग तेव्हा इतके पक्के रुळलेले होते की सरकारी दस्तऐवजात गाव कुठले हे सांगायला मार्गाचे नाव पुरे होत असे. या मार्गांनी सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतला माल घाट चढून प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे जात होता. व्यापाऱ्यांच्या तांड्यांना लेण्यांचा आधार होता आणि लेण्यांना व्यापाऱ्यांच्या दानाचा.

*

भिक्षू गेले, तांडे आटले, पण त्र्यंबकेश्वरच्या बाजूला एक वाट कधी आटली नाही. ब्रह्मगिरीची फेरी ती हीच.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ही फेरी घालायची प्रथा आहे. रविवारी संध्याकाळपासून नाशिकच्या बसस्थानकांवर गर्दी होऊ लागते. तिथल्या कुशावर्त कुंडावर स्नान करून लोक रात्रीच निघतात आणि ब्रह्मगिरीला उजवीकडे ठेवत, पहिने, सापगाव अशी गावे घेत, सुमारे वीस किलोमीटरचा वळसा पुरा करतात. मोठी प्रदक्षिणा याच्या दुप्पट लांबीची. पाऊस कोसळत असतो, भातखाचरांचे बांध निसरडे झालेले असतात आणि अनेकजण अनवाणी असतात. वाटेवरच्या गावांत चहाच्या टपऱ्या लागतात, कुठे भाजलेली मक्याची कणसे, कुठे उपवासाची खिचडी. त्या एका रात्रीत लाखांच्या घरात माणसे या वाटेने जातात. महाराष्ट्रात इतक्या संख्येने लोक एका डोंगराभोवती चालतात अशी जागा विरळाच.

फेरी किती जुनी, याचे उत्तर वारकरी परंपरेकडे आहे. विठ्ठलपंत, रुक्मिणीबाई आणि त्यांची चार मुले रात्री ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, त्यांनी त्याला उपदेश केला. पुढे निवृत्तिनाथांनी तो ज्ञानदेवांना दिला. ही कथा खरी मानायची की श्रद्धा म्हणून ऐकायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मराठी भक्तिपरंपरेने आपला उगम एका डोंगराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, आणि तोही वाट चुकण्यात, सांगितला आहे. तेराव्या शतकात ही प्रदक्षिणा कुटुंबकबिल्यासह करण्याजोगी रूढ होती, एवढी कल्पना तरी त्या कथेमागे आहेच. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरातच आहे आणि पौष वद्य एकादशीच्या यात्रेला राज्यभरातून दिंड्या पायी येतात.

या वाटेवरही पाण्याची आणि पायऱ्यांची सोय कुणी ना कुणी केली. कुशावर्त कुंडाचे चिरेबंदी काम अठराव्या शतकाच्या मध्याला होळकरांचे फडणवीस रावजी पारनेरकर यांनी केले. त्र्यंबकेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले, ते पुरे व्हायला तीसेक वर्षे लागली. ब्रह्मगिरीवर जाणाऱ्या दगडी पायऱ्या १९०८ मध्ये कराचीच्या एका शेटजींनी चाळीस हजार रुपये खर्चून करवल्या. कराचीचा माणूस ब्रह्मगिरीवर पायऱ्या बांधतो आणि सोपाऱ्याला धर्मशाळा बांधणारा उषवदात नाशिकला लेणे खोदतो, यांत फार अंतर नाही. जो वाट चालला, त्याने ती पुढच्यासाठी सोपी केली.

*

पेशवाईत नाशिकच्या वेशीबाहेरची जागा राहण्यासाठी पसंत केली जाऊ लागली. गोदावरीच्या काठावरचे चावंडस गाव रघुनाथराव पेशव्यांनी आवडीचे केले आणि पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून त्याचे आनंदवल्ली झाले. थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई पुण्याच्या राजकारणातून बाजूला होऊन नाशिकला आल्या आणि १७८८ मध्ये इथेच वारल्या. गंगापूरला त्यांचे वास्तव्य होते. आज गंगापूर रोडने सोमेश्वरच्या धबधब्याकडे जाणारा माणूस पेशव्यांच्या या दोन मुक्कामांवरून जातो. आता मध्ये इमारतींची रांग लागली आहे, नदी मात्र तीच आहे.

रघुनाथरावांना उन्हाळ्यासाठी अंजनेरी आवडत असे. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून ओळखला जाणारा हा डोंगर चार हजार फुटांहून उंच, वर विस्तीर्ण पठार आणि तळे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये डोंगरावरचे हत्तींचे तळे आणि उन्हाळी बंगला त्यांच्या नावावर नोंदलेले आहेत. पायथ्याच्या गावात त्याहून खूप जुन्या जैन आणि हिंदू मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत आणि तिथल्या एका शिलालेखावर यादव सेउणचंद्राच्या काळातले, ११४१ चे साल आहे. पेशव्यांनंतर इंग्रज आले आणि तेही एप्रिल-मेमध्ये अंजनेरीवरच चढू लागले. नाशिकचे गोरे अधिकारी आणि शरणपूरचे मिशनरी तिथे तंबू ठोकून राहत, मे महिन्यात तिथे प्रार्थनाही होई. महाबळेश्वर, माथेरानसारखे गाव मात्र तिथे वसले नाही. अंजनेरीचे पठार उघडे राहिले ते त्यामुळे.

शरणपूरचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण चालण्याच्या जागतिक इतिहासात नाशिकचे नाव तिने नेले. चर्च मिशनरी सोसायटीच्या या वसाहतीत अरबी गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी गुलाम मुलांना आणून शिक्षण दिले जाई. त्यांतले काहीजण डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासात सामील झाले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्या मृतदेहाजवळ प्रार्थना वाचणारा आणि झाडावर त्याचे नाव कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला होता. मैलोन्‌मैल पायी चालत त्यांनी तो देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला आणि वेनराइट १८७४ मध्ये त्याच्याबरोबर लंडनला गेला. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या नाशिककरांपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात ते असायला हवे.

*

विसाव्या शतकाने नाशिकच्या भूगोलात सर्वात मोठी भर घातली ती पाण्याची. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा या शतकाच्या पहिल्या दशकात बांधायला घेतला गेला. त्याला वरून पाणी पुरवायला इगतपुरी तालुक्यात दारणा धरण झाले, १९१६ मध्ये. बीले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने त्याच्या जलाशयाला सरकारी कागदात ‘लेक बीले’ म्हणत. त्या पाण्याने नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर खुद्द नाशिकच्या उशाला गंगापूर धरण आले. ते १९६५ मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याला वरून कश्यपी आणि गौतमी-गोदावरी या धरणांची जोड मिळाली. वालदेवी, मुकणे, भावली, आळंदी ही आणखी नावे. आज नाशिककर पावसाळ्यात सकाळचे वर्तमानपत्र उघडतो ते धरणसाठ्याचा तक्ता बघायला. गंगापूरचा उपयुक्त साठा ५,६३० दशलक्ष घनफूट, हा आकडा अनेकांना पाठ आहे.

गंगापूर हे मातीचे धरण आहे. जवळपास चार किलोमीटर लांब, छत्तीस मीटरांहून अधिक उंच. लांबून ते धरण वाटतच नाही, गवत उगवलेली एक सरळ टेकडी वाटते. मातीच्या धरणाची रचना साधी पण काटेकोर असते. मधोमध पाणी न झिरपू देणाऱ्या चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचा भराव, पाण्याकडच्या उतारावर लाटांनी माती धुपू नये म्हणून हाताने रचलेले दगड, आणि बाहेरच्या उतारावर गवत. झाड मात्र वाढू द्यायचे नाही, कारण त्याच्या मुळांनी पाण्याला वाट मिळते. अशा बांधकामांच्या मातीची, सिमेंटची, दगडांची परीक्षा करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘मेरी’, १९५९ पासून नाशिकातच दिंडोरी रोडवर आहे.

धरणाच्या पाण्याखाली जुन्या वाटा गेल्या आणि त्याआधीचेही बरेच काही गेले. गंगापूरजवळ गंगावाडीच्या परिसरात, गोदावरीच्या काठावर पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. गोदावरीच्या काठाने माणूस लाखभर वर्षांपूर्वीपासून वावरतो आहे, हे त्या हत्यारांनी दाखवून दिले. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या काठावरून चालताना हे लक्षात ठेवावे.

एक वाट बुडाली तशी दुसरी निघाली. धरणातून निघणाऱ्या कालव्याच्या कडेने पाहणीसाठी रस्ता ठेवावा लागतो. त्या रस्त्याने कालवा निरीक्षक सायकलवर जायचे, शेतकरी पाण्याची बारी बघायला जायचे, शाळेची मुले जायची. गंगापूरचा डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळकडे जातो आणि त्याच्या काठाची झाडे, बगळे आणि मळ्यातली हवा खायला शहरातली माणसे आजही येतात. उजव्या कालव्याचे नशीब वेगळे. शहर वाढले, शेती हटली, कालवा बंद पडला. नाशिकरोडकडे ‘कॅनॉल रोड’ हे नाव तेवढे राहिले. सलग, सपाट, सावलीची, वाहनांपासून वेगळी अशी शहर ओलांडणारी वाट सरकारच्या मालकीच्या जमिनीवर तयार होती. ती चालणाऱ्यांसाठी राखता आली असती. नाशिकने गेल्या पन्नास वर्षांत गमावलेल्या गोष्टींत ही वाट वरच्या क्रमांकावर आहे.

नांदूर मध्यमेश्वरला मात्र उलट घडले. गोदावरी आणि कादवा यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साठत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. सिंचनाच्या हिशेबात हे नुकसान होते. पक्ष्यांना मात्र असेच पाणी हवे असते. हिवाळ्यात बदकांचे थवे, रोहित, करकोचे, चमचे, दलदली ससाणे इथे उतरू लागले. डॉ. सालिम अली यांनी या जागेची वाखाणणी केली आणि ती महाराष्ट्राचे भरतपूर म्हणून ओळखली जाऊ लागली. १९८६ मध्ये अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत तिचा समावेश जाहीर झाला, महाराष्ट्रातली ती पहिलीच पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोऱ्यांकडे जाणारी वाट बांधावरून, उसाच्या आणि गव्हाच्या शेतांच्या कडेने जाते. गावातलीच मुले दुर्बिणी घेऊन वाटाडे झाली आहेत. बदकांच्या जातींची मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावे त्यांना तोंडपाठ असतात. शेतकऱ्याला थवा पिकात उतरला की त्रास होतो आणि पर्यटक आला की चार पैसे मिळतात. या दोन्हींचा मेळ घालत ही वाट चालू आहे.

*

शहराच्या उत्तरेला तीन डोंगर जवळजवळ आहेत आणि तिन्हींच्या वाटांची गोष्ट वेगवेगळी आहे. म्हसरूळजवळची चांभारलेणी हे गजपंथ नावाचे जैन तीर्थ. पायऱ्या चढून वर गेले की अकराव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या गुहा आणि मूर्ती आहेत. इथे सोय उत्तम आहे, कारण भाविकांचा राबता कधी तुटला नाही.

रामशेजचे तसे नाही. आशेवाडीच्या मागे उभा असलेला हा किल्ला फार उंच नाही. सह्याद्रीतल्या बेलाग गडांपुढे तो टेकाडच म्हणावा असा. तरीही १६८२ पासून पाचएक वर्षे मुघलांच्या फौजा त्याला वेढा घालून बसल्या आणि किल्ला हटला नाही. शहाबुद्दीन खान आला, बहादुरखान आला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा मराठ्यांनी लाकडाचे ओंडके पोखरून, त्यावर चामडे मढवून तोफा केल्या, असे मुघलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो. अखेर १६८७ च्या सुमारास लाच देऊन किल्ला घेतला गेला. गडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि एवढ्या लांब वेढ्यात माणसे तगली ती त्यांच्याच जिवावर. पुढे ही टाकी गाळाने भरली, झुडपांत हरवली. शिवकार्य गडकोट संस्थेसारख्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी सुट्टीच्या दिवशी घमेली आणि फावडी घेऊन गाळ उपसला. वैनतेयसारख्या गिर्यारोहण संस्थेने नाशिकच्या कित्येक पिढ्यांना डोंगर चढायला शिकवले. यातल्या बहुतेकांनी स्वतःच्या खिशातून एसटीचे भाडे भरून हे काम केले आहे.

रामशेजच्या शेजारचा भोरगड वेगळ्या कारणाने महत्त्वाचा. २००८ मध्ये त्याच्या परिसरातल्या साडेतीन चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले गेले. राज्यातले असे हे पहिले क्षेत्र. चराई आणि तोड थांबली, गावकऱ्यांना विश्वासात घेतले गेले आणि उघड्याबोडक्या उतारावर गवत आणि झाडोरा परत आला. सातपूरच्या शिवारात फाशीच्या डोंगरावर ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हाकेला ओ देऊन २०१५ च्या पर्यावरणदिनी हजारो नाशिककरांनी देशी झाडांची अकरा हजार रोपे लावली. तिला आता नाशिक देवराई म्हणतात. लावून मोकळे झाले असे तिथे घडले नाही. टँकरने पाणी, आगीपासून जपण्यासाठी गवत कापून काढलेले पट्टे, गुरांवर लक्ष, हे सगळे वर्षानुवर्षे चालले. तिथल्या सावलीत आज चालता येते ते त्यामुळे.

अंजनेरीचाही संवर्धन राखीव क्षेत्रात समावेश झाला, २०१७ मध्ये. त्याआधी २००६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिथल्या एका कंदीलपुष्पाची नवी जात म्हणून नोंद केली आणि डोंगराच्याच नावावरून तिचे नाव ठेवले, सेरोपेजिया अंजनेरिका. पावसाळ्यात पठारावरच्या कातळाच्या भेगांत, मातीच्या बोटभर थरात, हातभर उंचीचे हे झाड उगवते. फूल छोट्या कंदिलाच्या आकाराचे असते. पावसाळा सरला की वरचे सगळे वाळून जाते आणि जमिनीखालचा कंद तेवढा जिवंत राहतो. हे समजून न घेता पठारावर कुठेही पाऊल टाकणाऱ्याला आपण काय तुडवतो आहोत ते कळतही नाही. काही वर्षांपूर्वी डोंगरावर मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा नाशिकमधल्या निसर्गप्रेमींनी जोरदार विरोध केला. त्यामागे हे कंदीलपुष्प होते, कड्यांवर घरटी करणारी गिधाडे होती आणि पायऱ्यांनी चढून जाण्याची जुनी रीतही होती.

*

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या वाटांवरची वर्दळ कित्येक पटींनी वाढली. मोबाइलवर एक चित्रफीत फिरली की पुढच्या शनिवार-रविवारी पहिन्याच्या किंवा दुगारवाडीच्या धबधब्यावर हजारो गाड्या उभ्या राहतात. ऑगस्ट २०२२ मध्ये दुगारवाडीला अचानक पाणी वाढून पर्यटक अडकले, जीवही गेला. त्यानंतर पावसाळ्यात बंदीचे फलक लागतात. वन खाते आणि पोलीस यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो, हे मान्य करायला हवे. पण बंदी फेरीच्या वाटेला लागत नाही, कारण तिथे कुठे पाणी चढते, कुठे दरड सुटते, हे पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्यांना आणि वाटेवरच्या गावांना ठाऊक आहे. नव्या वाटांवर हे ज्ञान नाही आणि ते मिळवायला वेळही कुणी देत नाही.

त्याहून मोठा धोका यंत्रांचा. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी सुरुंग लावून डोंगर फोडला जात असल्याचे उघड झाले तेव्हा नाशिक आणि त्र्यंबकचे नागरिक एकत्र आले. सारूळच्या परिसरात खडी काढून काढून टेकड्यांचा आकार बदलला आहे. गोदावरी उगम पावते त्या डोंगराला पोखरणे म्हणजे खालच्या सगळ्या धरणांच्या मुळावर उठणे. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला आणि लोक झाडांना जाऊन बिलगले. तपोवन हे गोदा-कपिला संगमाजवळचे, शहराच्या अगदी कुशीतले चालण्याचे ठिकाण. आजोबांनी नातवाला जिथे फिरायला नेले, त्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले यात काही नवल नाही.

या सगळ्यात पायवाटेच्या बाजूने कायदा काही बोलतो का? बोलतो, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रत्येक गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात असतो. त्या नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते आणि गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट. नकाशावरची अशी वाट कुणी नांगरली किंवा कुंपण घालून अडवली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ शेतकऱ्याला त्यासाठी दाद मागू देते. शेतावर जाण्याच्या वाटेसाठी हे कलम दरवर्षी वापरले जाते. डोंगराकडे आणि धरणाच्या काठाकडे जाणाऱ्या जुन्या वाटांसाठी ते वापरल्याचे क्वचितच ऐकू येते. कारण त्या वाटांवर शहरातली माणसे चालतात आणि गावच्या नकाशाकडे त्यांचे लक्ष जात नाही.

पुढचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२८ चा आहे. त्यासाठी बाह्यवळण रस्ते, पूल, वाहनतळ यांची कामे गोवर्धन, आनंदवल्ली, अंजनेरी, पहिने या सगळ्या शिवारांतून होणार आहेत. एकदा डांबर पडले आणि भिंत उठली की नकाशावरची तुटक रेषा शोधायला फार उशीर झालेला असतो. नाशिकमध्ये गिर्यारोहकांची मंडळे आहेत, पक्षिमित्र आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत, फेरीचे वारकरी आहेत. त्यांनी एकेक गाव वाटून घ्यावे, भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन गावनकाशाची प्रत काढावी, ग्रामस्थांना बरोबर घेऊन त्यावरची प्रत्येक पायवाट चालून बघावी आणि जी अडवली गेली असेल तिच्यासाठी तहसीलदाराकडे लेखी अर्ज करावा. ज्याला संस्था नको, त्याने आपल्या रोजच्या फिरण्याच्या एका वाटेपासून सुरुवात करावी. नकाशाची नक्कल मिळायला किरकोळ शुल्क पडते.